गरोदरपणात ताप आणि प्लेटलेट्स ४१ हजार, डेंग्यू निगेटिव्ह आहे. मग हे नक्की काय?

कृष्णाकाठची (शुक्रवार, रात्री ११.२०)

नमस्कार. मी इथे वाचायलाच येते, लिहित नाही फारसं. पण आज झोप लागणार नाहीये आणि हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून दुसरं काही सुचत नाहीये म्हणून लिहितेय.

धाकटी बहीण, वय २७, पहिलटकरीण, २९वा आठवडा चालू आहे. मागच्या रविवारी डोहाळजेवण होतं म्हणून माहेरी आणली होती, आमचं गाव वाळवा तालुक्यात. सोमवारी रात्री हुडहुडी भरून ताप आला, अशी थंडी की दोन गोधड्या आणि वर आईची शाल घालूनही दात वाजत होते. मंगळवारी जवळच्या डॉक्टरांकडे नेलं, १०२ ताप. रक्त तपासलं तर प्लेटलेट्स १ लाख १२ हजार, पांढऱ्या पेशी १७,८००, डेंग्यूची एनएस१ टेस्ट निगेटिव्ह. म्हणाले सध्या साथ आहे, डेंग्यूच असणार, कधीकधी टेस्टमध्ये येत नाही, पॅरासिटामॉल द्या आणि काउंट बघत राहा. तिने उजव्या बाजूला बरगडीच्या खाली पाठीत दुखतंय असं सांगितलं होतं, त्यावर उत्तर मिळालं की पोट वाढतंय, कंबर दुखणारच. आम्हालाही ते पटलं, खोटं कशाला सांगू.

गुरुवारी काउंट ६४ हजार आला आणि आम्ही घाबरून सांगलीला हलवलं. इथे आल्या आल्या त्यांनी लघवी आणि रक्त कल्चरला (त्यात जंतू वाढतात का बघायला) पाठवलं आणि सलाईनमधून अँटिबायोटिक, सेफट्रायअ‍ॅक्सोन सुरू केलं. इथल्या डॉक्टर मॅडम म्हणतात हे किडनीचं इन्फेक्शन वाटतंय, त्यामुळे प्लेटलेट्स पडतायत. आज दुपारी ४१ हजार.

आता प्रश्न असा की मॅडम प्लेटलेट चढवायला तयार नाहीत. म्हणतात आत्ता गरज नाही. इकडे मामा, काका, तिच्या सासरचे सगळे एकच म्हणतायत की ४१ वर आल्यात आणि हे बघत बसलेत. मामांनी पपईच्या पानांचा रस आणलाय बाटलीत भरून. भाऊजी पुण्याहून निघालेत. निर्णय घेणारी इथे मी एकटीच आहे. जंतूंच्या इन्फेक्शनने खरंच प्लेटलेट्स एवढ्या पडतात का? मागच्या महिन्यात २ लाख १० हजार होत्या तिच्या.

---

रानजाई (शुक्रवार, रात्री ११.४८)

ताई, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, बावीस वर्षं प्रॅक्टिस आहे. पेशंट न बघता इथून उपचार सांगणार नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते कारण तुम्हाला आज रात्री ते हवंय.

हो, पडतात. आणि तुम्ही लिहिलेल्या आकड्यांमध्येच त्याची खूण आहे. डेंग्यूमध्ये साधारणपणे पांढऱ्या पेशी कमी होतात, तीन हजार, अडीच हजार. तुमच्या बहिणीच्या १७,८०० आहेत. गरोदरपणात त्या थोड्या वाढलेल्या असतातच, पण ताप, हुडहुडी, एका बाजूची पाठदुखी आणि हा आकडा एकत्र आला की माझ्या डोक्यात सगळ्यात आधी मूत्रपिंडाचं इन्फेक्शनच येतं. उजवी बाजूच जास्त वेळा धरते, कारण गर्भाशय थोडं उजवीकडे कलतं आणि मूत्रनलिका दाबली जाते, शिवाय हार्मोन्समुळे नलिका सैल पडलेली असते, लघवी तुंबून राहते आणि जंतूंना फावतं.

आता प्लेटलेट्स का पडतात. जंतू किंवा त्यांच्या आवरणातले विषारी घटक रक्तात आले की शरीर सगळीकडे एकदम धोक्याची घंटा वाजवतं. रक्तवाहिन्यांच्या आतलं अस्तर सुजतं, प्लेटलेट्स तिथे जाऊन चिकटतात, बारीक बारीक गुठळ्यांत वापरल्या जातात. तयार होतात त्यापेक्षा जास्त वेगाने संपतात. म्हणून वरून पिशवी चढवणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणं, आधी भोक बुजवायला पाहिजे, आणि भोक बुजवणारं औषध म्हणजे अँटिबायोटिक. ते तिला चालू आहे.

रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांच्या खाली जाईपर्यंत प्लेटलेट देत नाहीत. सिझेरियन करायची वेळ आली तर ५० हजारांच्या वर पाहिजेत, आणि पाठीतून भूल द्यायची तर ७० हजारांच्या वर असल्या तर भूलतज्ज्ञ निवांत असतात. तुमच्या मॅडम बरोबर करतायत असंच मला वाटतं. फक्त उद्या सकाळी त्यांना तीन गोष्टी विचारा: फायब्रिनोजेन (रक्त गोठायला लागणारा घटक) किती आहे, बीपी आणि लिव्हरचे रिपोर्ट कसे आहेत (गरोदरपणात बीपीच्या आजाराने, हेल्प सिंड्रोमनेही प्लेटलेट्स पडतात, ते वेगळं काढावं लागतं), आणि बाळाचे ठोके किती वेळाने बघतायत. फायब्रिनोजेनबद्दल एक लक्षात असू द्या, एरवी २०० नॉर्मल धरतात पण गरोदर बाईचं ४०० ते ६०० असतं, त्यामुळे तिच्या रिपोर्टवर २०० आलं आणि पुढे नॉर्मल छापलं असलं तरी ते नॉर्मल नाही.

रात्री हिरड्यांतून, नाकातून, खालून रक्त, पायावर दाबूनही न जाणारे लाल टिपके, धाप लागणं, असंबद्ध बोलणं, लघवी एकदम कमी होणं किंवा बाळाची हालचाल मंदावणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, सिस्टरना उठवायचं.

पपईचा रस देऊ नका. कारण उद्या लिहिते.

---

कृष्णाकाठची (शनिवार, पहाटे १२.१५)

डॉक्टर, कसे आभार मानू. तुमचं आईला वाचून दाखवलं. बाटली मामांना परत दिली, रागावलेत पण असू दे. लाल टिपके नाहीत, बाळ फिरतंय, आत्ताच तिने माझा हात पोटावर ठेवून दाखवलं.

---

आजीचा_बटवा (शनिवार, सकाळी ७.०५)

ताई काळजी घ्या, देव बरं करेल. पण डॉक्टरांच्या मताचा आदर ठेवून सांगते, पपईच्या पानाने माझ्या सासूबाईंच्या २२ हजाराच्या ९० हजार झालेल्या मी डोळ्यांनी बघितल्यात, तीन दिवसांत. आमच्या कॉलनीत चार जणांना गुण आला. पूर्वीच्या बायकांनी हेच केलं ना?

---

रानजाई (शनिवार, सकाळी ८.३०)

बटवाताई, तुम्ही बघितलं ते खोटं नाही. डेंग्यूमध्ये ताप उतरल्यावर एकदोन दिवस काउंट खाली जातो आणि सहाव्या सातव्या दिवसानंतर आपोआप चढायला लागतो. घरचे घाबरून रस सुरू करतात तो साधारण चौथ्या पाचव्या दिवशी. चढणारच होता तेव्हा रस पोटात होता, श्रेय त्याला गेलं. रस न घेतलेल्यांचेही काउंट तसेच चढतात, मी वॉर्डात दरवर्षी बघते.

पण इथे मुद्दा वेगळा आहे. एक तर हा डेंग्यू नाही, जंतूंवर त्या रसाचा काही उपयोग नाही. दुसरं, गरोदरपणात पपईची पानं आणि चीक सुरक्षित असल्याचं कुणी दाखवलेलं नाही, उलट गर्भाशयाला कळा आणण्याची शंका आहे. तिसरं, तो रस भयंकर कडू असतो, तिला उलट्या होतील आणि तापात शरीरातलं पाणी अजून कमी होईल. किवी, ड्रॅगन फ्रूट खायला हरकत नाही, फळं म्हणून. शेळीचं दूध कच्चं अजिबात नको, गरोदर बाईला तर नाहीच, त्यातून ब्रुसेला येतो.

---

सह्यवारा (शनिवार, सकाळी ९.१०)

मी बायकोच्या वेळी या चक्रातून गेलोय म्हणून प्रॅक्टिकल सांगतो. चढवायच्या नसल्या तरी डोनर आजच शोधून ठेवा. एसडीपी म्हणजे एकाच माणसाकडून मशीनवर प्लेटलेट्स काढतात, दीड-दोन तास लागतात, त्याने एका पिशवीत ३० ते ५० हजार काउंट चढू शकतो. साध्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या आरडीपीच्या एका पिशवीने पाच-दहा हजारच. डोनरच्या हाताच्या शिरा जाड लागतात, वजन ५० च्या वर, आणि गेल्या तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली नको. आम्ही रात्री अकरा वाजता सहा जण घेऊन गेलो त्यातले चार जण परत पाठवले, एकाची शीर, एकाचं हिमोग्लोबिन, दोघांनी डोकेदुखीची गोळी घेतलेली. प्लेटलेट्स फ्रीजमध्ये ठेवत नाहीत, २२ डिग्रीच्या आसपास हलत्या ट्रेवर ठेवतात आणि पाच दिवसच टिकतात, त्यामुळे रक्तपेढीत तयार असतीलच असं नाही. म्हणून नावं आणि फोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा.

आणि बहीण निगेटिव्ह ग्रुपची असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, पॉझिटिव्ह प्लेटलेट्स दिल्या तर अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं.

सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला औषध, तपासण्या, रक्त मोफत आहे, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली, २०११ पासून. खर्चामुळे कुणी थांबू नये म्हणून लिहिलं.

---

कृष्णाकाठची (शनिवार, दुपारी ३.४०)

अपडेट. आज सकाळी ३८ हजार. ताप अजून १०१ ते १०२ च्या मध्ये खेळतोय. फायब्रिनोजेन ४३०, बीपी ११०/७०, लिव्हरचे रिपोर्ट ठीक. मॅडम म्हणाल्या तुम्ही फायब्रिनोजेन कसं काय विचारलंत, मग मी त्यांना हा धागा दाखवला. सोनोग्राफीत उजवी किडनी थोडी सुजलेली आहे, खडा नाही. ती ओ पॉझिटिव्ह आहे. सह्यवारा, सात जणांची यादी केली.

एक गोष्ट मनाला लागून राहिलीय. डोहाळजेवणाच्या दिवशी सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत ती पैठणी नेसून झोपाळ्यावर होती. फुलांची वाडी, गजरे, कंबरपट्टा. मळमळ नको म्हणून पाणी पीत नव्हती आणि घरात बायका एवढ्या की बाथरूमला जायला संकोचत होती. मला म्हणाली होती, ताई जायचंय गं, मी म्हटलं ओटी भरून झाली की जा. आणि त्याच्या आधी आठवडाभर तिला जळजळ होत होती हे तिने काल रात्री मला सांगितलं. आईला सांगायला लाजली.

---

रानजाई (शनिवार, दुपारी ४.२५)

ताई, एका दिवसाने हे झालेलं नाही, ते मनातून काढा. जळजळ आठवडाभर होती म्हणजे जंतू आधीपासून मूत्राशयात होते. आणि बऱ्याच जणींना तर जळजळसुद्धा होत नाही. शंभरातल्या दोन ते दहा गरोदर बायकांच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू सापडतात. तसंच सोडलं तर त्यातल्या चारपैकी एकीच्या आसपास जणींना पुढे किडनीपर्यंत इन्फेक्शन जातं. म्हणून पहिल्या तिमाहीत लघवीची साधी तपासणी नको, कल्चर पाहिजे, असं आम्ही सांगत असतो. ते होत नाही सगळीकडे. साध्या तपासणीत दोन-चार पस सेल्स लिहून येतात आणि फाईलला लागतात.

फायब्रिनोजेन छान आहे. ताप ४८ ते ७२ तासांत उतरायला हवा. नाही उतरला तर औषध त्या जंतूला लागू पडत नाहीये का हे बघावं लागेल, म्हणून कल्चरचा पाठपुरावा करा.

---

सूक्ष्मदर्शी (शनिवार, सायंकाळी ७.५०)

मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये आहे, आमच्या बाजूने थोडं.

कल्चरला वेळ का लागतो असं रोज कुणीतरी काउंटरवर रागावून विचारतं. लघवीचा थेंब प्लेटवर पसरला की जंतू दिसण्याइतके वाढायला १८-२४ तास, मग त्याच्यावर कुठलं अँटिबायोटिक चालतं ते बघायला अजून तेवढेच. घाई करता येत नाही. पण संध्याकाळपर्यंत काय वाढलंय त्याचा अंदाज तोंडी मिळतो, डॉक्टरांनी फोन केला तर सांगतात, त्यांना फोन करायला सांगा.

सॅम्पल देताना: आधी धुवून घ्यायचं, पहिली धार सोडून द्यायची, मधली धार बाटलीत, बाटलीच्या कडेला आतून बोट लावायचं नाही. दोन तासांत लॅबला पोचली पाहिजे, नाहीतर फ्रीजमध्ये. आम्हाला अर्धी सॅम्पल्स अशी येतात की तीनचार प्रकारचे जंतू एकदम वाढतात आणि 'मिक्स्ड ग्रोथ, परत पाठवा' लिहावं लागतं, त्यात पेशंटचे दोन दिवस जातात. आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी सॅम्पल घ्यायचं. एक डोस जरी गेला तरी वाढ दिसत नाही कधीकधी. तुमच्या मॅडमनी ते बरोबर केलंय.

---

लाल_माती (शनिवार, रात्री ९.१५)

आमच्या सिंधुदुर्गात हा गोंधळ दर पावसाळ्यात होतो. ताप, प्लेटलेट्स कमी, की डेंग्यू. पण इथे लेप्टो पण आहे आणि लेप्टो म्हणजे जंतूच, विषाणू नव्हे. उंदरांच्या मुतातून शेताच्या पाण्यात येतो आणि पायाच्या भेगांतून आत शिरतो. लावणीच्या वेळी पोटुशी बाई पण चिखलात उतरते, घरात माणसं नसतात तर करणार काय. माझी वहिनी पाचव्या महिन्यात होती, ताप, पोटऱ्या एवढ्या दुखत की हात लावू देत नव्हती, डोळे लालभडक पण चिपडं नाहीत. काउंट ५५ हजार. ओरोसला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, शेतात गेली होती का. त्या एका प्रश्नावर निदान झालं. पेनिसिलिनने आठवड्यात बरी झाली, मुलगा आता तिसरीत आहे.

आमच्याकडे आशाताई पावसाळ्याच्या आधी लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिन) गोळ्या वाटतात, त्या गरोदर बाईला चालत नाहीत. म्हणून तिने चिखलात उतरूच नये, नाहीतर गमबूट घालावेत.

---

धानपट्टा (शनिवार, रात्री १०.३०)

लाल_माती यांच्याशी सहमत, आणि आमच्या पूर्व विदर्भाची भर टाकतो. इकडे स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत मोठी साथ आली तोवर लोकांनी नाव पण ऐकलं नव्हतं. गवतातल्या बारीक किड्याच्या पिल्लांच्या चाव्यातून होतो, डोळ्याला दिसत नाही तो. हा पण जंतूच.

माझी बहीण गोंदिया जिल्ह्यात, सातवा महिना, सहा दिवस ताप, काउंट ४७ हजार, डेंग्यू निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह, टायफॉइडची गोळी चालू. सातव्या दिवशी आई तिचं अंग पुसत होती तर छातीच्या खाली, कपड्याची शिवण येते ना तिथे, विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली. भोवती लाल कडं. दुखत नव्हती, खाजत नव्हती, म्हणून तिला पत्ताच नाही. आईने ते नर्सबाईला दाखवलं, नर्सबाईने डॉक्टरला. तिथून अ‍ॅझिथ्रोमायसिन सुरू केलं, नेहमीचं औषध डॉक्सी पण पोटात बाळ होतं म्हणून हे. दोन दिवसांत ताप गायब आणि काउंट मागोमाग चढला. प्लेटलेटची एक पिशवी लागली नाही.

तर ज्यांच्या घरी असा पेशंट असेल त्यांनी काख, जांघ, छातीखाली, कंबरपट्टा, कानामागे सगळीकडे नीट बघा. डॉक्टर पुरुष असला तर बाई दाखवत नाही, घरच्या बाईनेच बघायचं.

---

थेम्सकाठ (रविवार, पहाटे ३.१०)

माझं बाळंतपण इंग्लंडमध्ये झालं. पहिल्याच भेटीत मिडवाइफने लघवीची बाटली घेतली, मला काही त्रास नव्हता तरी कल्चरला गेली आणि त्यात जंतू निघाले. पाच-सात दिवसांच्या गोळ्या, विषय संपला. तेव्हा मला ते उगाचच वाटलं होतं. आज हा धागा वाचून कळलं की कशापासून वाचले. इथे गंभीर सेप्सिसची, म्हणजे इन्फेक्शनने अवयव बिघडायला लागल्याची, शंका आली की एका तासाच्या आत कल्चर आणि अँटिबायोटिक असा दंडक आहे, सहा गोष्टींची यादी प्रत्येक वॉर्डात भिंतीवर असते. कृष्णाकाठची, तुझ्या बहिणीसाठी प्रार्थना.

---

कृष्णाकाठची (रविवार, दुपारी १.०५)

रिपोर्ट आला. लघवीत ई. कोलाय नावाचे जंतू, एक लाखाच्या वर. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एस किंवा आर. एस म्हणजे चालतं, आर म्हणजे जंतू दाद देत नाही. सेफट्रायअ‍ॅक्सोनपुढे आर. म्हणजे तीन दिवस जे चालू होतं ते लागूच पडत नव्हतं. मी तो कागद हातात धरून जिन्यावर बसले, वरपासून खालपर्यंत आर, आर, आर, शेवटच्या चारपाच ओळींत एस. मॅडमनी दहा मिनिटांत मेरोपेनेम सुरू केलं, दर आठ तासांनी. रक्ताच्या कल्चरमध्येही तोच जंतू.

काउंट ३५ हजार. भूलतज्ज्ञ येऊन बघून गेले, म्हणाले वेळ आलीच तर पूर्ण भूल देऊ, पाठीत सुई नको. कुठलंही इंजेक्शन दंडात किंवा कमरेत द्यायचं नाही असा बोर्ड पलंगाला लावलाय. पोट अधूनमधून कडक होतंय, ते तापामुळे म्हणाल्या.

---

सूक्ष्मदर्शी (रविवार, दुपारी १.३०)

ई. कोलायचा हा प्रकार आता आमच्याकडे रोज दिसतो, ज्यांनी कधी हॉस्पिटल पाहिलं नाही त्यांच्यातही. दुकानातून स्वतःच्या मनाने दोन दिवस अँटिबायोटिक घ्यायचं आणि सोडायचं, त्याचं हे फळ सगळ्यांना भोगावं लागतंय. मेरोपेनेम लागू पडेल, रिपोर्टवर एस आहे ना, धीर धरा.

---

चैत्रपालवी (सोमवार, सकाळी १०.२०)

मला ३२वा आठवडा आहे आणि हे सगळं वाचून हातपाय गार पडले. शुक्रवारी रुटीन रक्त दिलं त्यात प्लेटलेट्स ६८ हजार. ताप नाही, काही नाही, बीपी नॉर्मल. मागच्या वेळी १ लाख ८० होत्या. माझी अपॉइंटमेंट गुरुवारी आहे, थांबू का? घरी कुणाला सांगितलेलं नाही.

---

रानजाई (सोमवार, सकाळी १०.५५)

चैत्रपालवी, आधी घरी सांगा. गुरुवारपर्यंत थांबू नका, आजच डॉक्टरांना फोन करून आकडा कळवा. गरोदरपणात प्लेटलेट्स थोड्या कमी होणं सर्रास आहे, शंभरात पाच ते दहा जणींना होतं, शेवटच्या तिमाहीत, आणि त्याला औषधही लागत नाही, बाळंतपणानंतर काही आठवड्यांत जागेवर येतात. पण ते सहसा लाखाच्या वर असतं. ६८ आला की कारण शोधायचं. बीपी, लघवीत प्रोटीन, लिव्हर, लघवीचं कल्चर, आणि सगळ्यात आधी तो आकडा खरा आहे का ते.

---

सूक्ष्मदर्शी (सोमवार, सकाळी ११.१५)

हेच लिहायला आलो. जांभळ्या बुचाच्या नळीत एक रसायन असतं, काही लोकांच्या प्लेटलेट्स त्यात एकमेकींना चिकटून गोळे होतात. मशीन त्या गोळ्याला प्लेटलेट म्हणून मोजतच नाही आणि आकडा खोटा कमी येतो. लॅबला सांगा, काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघा आणि निळ्या बुचाच्या नळीत परत मोजा.

---

निशिगंध_७ (सोमवार, दुपारी ४.००)

माझं अजून वेगळं होतं. ताप नाही, बीपी नाही, काउंट पाचव्या महिन्यापासून ३० ते ४० हजार. आयटीपी निघाला, म्हणजे शरीर स्वतःच्याच प्लेटलेट्स मारतं. प्रेडनिसोलोनवर (स्टिरॉइडच्या गोळ्या) उरलेले महिने काढले. बाळंतपणानंतर पोटाच्या डॉक्टरांनी एच. पायलोरी तपासला, पोटात राहणारा जंतू असतो तो, तोही सापडला. त्याचा कोर्स केल्यावर माझा काउंट ९० च्या वर राहतोय. सगळ्यांना असा गुण येत नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. ज्यांना आयटीपी आहे त्यांनी बाळाचा काउंट जन्मल्यावर बघायला सांगा, आईच्या अँटिबॉडीज बाळात जातात. माझ्या लेकाचा नाळेतल्या रक्तावर बघितला होता, बरोबर निघाला.

---

कृष्णाकाठची (मंगळवार, सकाळी ८.४५)

काल रात्रीपासून ताप नाही!! पहाटे मी दचकून जागी झाले, तिच्या कपाळाला हात लावला तर गार आणि घाम आलेला, मला वाटलं काहीतरी झालं, सिस्टरना हाक मारली. त्यांनी थर्मामीटर लावलं, ९८.२. आज काउंट ५१ हजार. पहिल्यांदाच वर गेलाय. तिने चहा आणि दोन खारी मागून घेतल्या. मामा सकाळी शहाळं घेऊन आले, काही बोलले नाहीत, तिच्या पायाशी बसून राहिले.

---

आजीचा_बटवा (मंगळवार, सकाळी ९.३०)

वाचून डोळ्यांत पाणी आलं. ताई, मी त्या दिवशी जे लिहिलं ते चांगल्या मनाने लिहिलं होतं. डॉक्टरांनी समजावलं ते पटलं. माझ्या भाचीला पाचवा महिना आहे, तिला आज कल्चर करून घ्यायला सांगितलं.

---

चैत्रपालवी (बुधवार, सायंकाळी ६.१०)

निळ्या बुचाच्या नळीत १ लाख ५२ हजार. गोळे झाले होते, लॅबवाल्याने काच दाखवली मला. फाईलवर डॉक्टरांनी लाल पेनने लिहून दिलंय की पुढच्या वेळीही निळ्या नळीतच मोजा. लघवी कल्चरला दिलीय, डॉक्टर म्हणाले पहिल्या तिमाहीतच एकदा व्हायला हवं होतं. सूक्ष्मदर्शी दादा, दोन रात्री मी झोपले नव्हते.

---

कृष्णाकाठची (पुढच्या आठवड्यातला गुरुवार)

काल घरी सोडलं. काउंट १ लाख ६४ हजार. मेरोपेनेम दहा दिवस. एका आठवड्याने परत कल्चर आणि मग डिलिव्हरीपर्यंत दर महिन्याला, कारण हे उलटू शकतं म्हणाल्या. ताप, जळजळ, थंडी काहीही वाटलं तर त्याच दिवशी यायचं.

पहिल्या डॉक्टरांकडे मी स्वतः गेले, भांडायला नाही. रिपोर्ट दाखवला. त्यांनी शांतपणे पूर्ण वाचला, झेरॉक्स मागून घेतली, आणि म्हणाले यापुढे तापाच्या प्रत्येक गरोदर बाईची लघवी आधी बघेन.

---

कृष्णाकाठची (अडीच महिन्यांनी)

धागा वर काढतेय. परवा मुलगी झाली, ३८ आठवडे पूर्ण, नॉर्मल, २ किलो ७००. त्या दिवशीचा काउंट १ लाख ८१ हजार. मधल्या एका कल्चरमध्ये परत थोडे जंतू निघाले होते, पण त्रास व्हायच्या आधीच सापडले, गोळ्यांवर भागलं.

बारशाला माहेरी बायका जमतील. पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी ठेवणार आहे आणि मधे उठायला तिला कुणाला विचारावं लागणार नाही, ते मी बघेन. रानजाई डॉक्टर, तुम्ही सांगलीकडे आलात तर कळवा, आईला तुमची ओटी भरायचीय.